रविवारी गाडी कुठे न्यावी: पुण्यातल्या नवशिक्या मोटारसायकलस्वारांसाठी प्राथमिक सूचना

नुकतीच मोटारसायकल घेतली, दोन-तीन हप्ते भरून झाले आणि कर्वे रस्त्याच्या सिग्नलला क्लच दाबून उभं असताना, आपण ही एवढ्यासाठीच घेतली होती का, असा प्रश्न ज्यांना पडला, त्यांच्यासाठी या सूचना आहेत. ज्यांना तो प्रश्न पडला नाही त्यांनी अॅक्टिव्हा घ्यायला हवी होती. डिकी मिळाली असती.

गाडी कोणती चांगली, हा विषय इथे घेतलेला नाही. बुलेटवाले पल्सरवाल्यांना मोजत नाहीत, यामाहावाले दोघांनाही मोजत नाहीत, आणि घाटात या तिघांच्या पुढून स्प्लेंडरला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लावलेला माणूस एका हातानं तंबाखू मळत निघून जातो. त्यामुळे जी असेल ती काढा. हवा मात्र आदल्या दिवशी भरून ठेवा. पहाटे पेट्रोलपंपावर हवा भरणारा पोरगा नसतो, फक्त त्याची नळी असते.

लागणारं साहित्य

हेल्मेट. या विषयावर पुण्यात मोर्चे निघाले आहेत, कृती समित्या झाल्या आहेत, आणि पगडी घालणाऱ्यांच्या शहरात डोक्यावर काय घालावं हे सरकारनं सांगू नये, इथपर्यंत युक्तिवाद गेला आहे. आपण त्या वादात पडायचं नाही. हेल्मेट घालायचं आणि हनुवटीखालचा पट्टाही लावायचा. आरशाला अडकवलेलं हेल्मेट फक्त आरशाचं रक्षण करतं.

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमधली चालतात, पण ती घरून निघतानाच उघडून ठेवा. डोंगराआड रेंज जाते, हवालदार मात्र असतो. पंक्चर किट. शंभर-दोनशेच्या सुट्या नोटा. जून ते ऑक्टोबर रेनकोट. पाणी. बाकी गुडघ्याचे पॅड, टाकीवर बसणारी चुंबकाची बॅग, हेल्मेटवर उभा केलेला कॅमेरा हे सगळं दुसऱ्या वर्षी आपोआप येतं, त्याची घाई नको.

पहिली पायरी: शहर सोडणे

बहुतेक नवशिके हीच पायरी विसरतात. रस्ता डोंगरात आहे, आपण कोथरूडात आहोत, आणि मधे पुणे आहे. ते ओलांडायला सकाळी सहाला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट नऊला लागतो. म्हणून साडेपाचला किक मारायची. हल्ली किक नसते, बटण असतं; पण सोसायटीतल्या लोकांची झोप तेवढीच मोडते.

बाहेर पडायच्या वाटा ठरलेल्या आहेत. पश्चिमेला चांदणी चौक. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२मध्ये स्फोटकं लावून पाडला. स्फोट झाला, धूळ बसली, आणि पूल बराचसा तसाच उभा दिसला. उरलेला यंत्रांनी काढावा लागला. पुण्यातल्या जुन्या गोष्टी अशाच जातात. ऑगस्ट २०२३मध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला. आता तिथे इतके रॅम्प आहेत की मुळशीला निघालेला नवशिका साताऱ्याच्या दिशेला लागतो आणि वारज्यापर्यंत त्याला वाटत असतं की आपण मुद्दामच इकडून आलो. पाटी वाचा. दोनदा वाचा. भूगाव, पौड ही नावं दिसेपर्यंत आत्मविश्वास बाळगू नका.

नैर्ऋत्येला सिंहगड रस्ता. धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी फाटा असे फाटे मागे टाकत खडकवासला धरणाच्या भिंतीपाशी आलात की उजवीकडे चौपाटी लागते. सहा वाजता ती रिकामी असते. दहानंतर तिथे कणीस, कांदाभजी आणि चारचाक्यांच्या दोन रांगा असतात, आणि मधून एका गाडीपुरती जी फट उरते तिच्यातून समोरून बस येत असते. दहाच्या आत इथून पुढे गेलेला माणूस सुखी. दहानंतर पोहोचलेल्यानं सरळ कणीस खावं.

दक्षिणेला कात्रज, आग्नेयेला कोंढव्यातून बोपदेव घाट आणि हडपसरकडून दिवे घाट. हे दोन्ही घाट सासवडला उतरतात. दिवे घाट म्हणजे ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्यातून चढते तोच. पालखीच्या दिवशी तिकडे गाडी घेऊन जाण्याचा विचार करणाऱ्याला कोणतीही मार्गदर्शिका उपयोगी पडणार नाही.

मुंबईच्या द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. याचं वाईट वाटून घेऊ नका. लांबलचक सरळ रस्त्यावर एकाच वेगात बसून राहणं हा मोटारसायकलवर करायचा उद्योग नव्हे. त्यासाठी शिवनेरी आहे, तीत एसी असतो.

दुसरी पायरी: फोन खिशात टाकणे

फोनमधला नकाशा तुमचं भलं चिंततो. तुम्हाला लवकरात लवकर पोहोचवावं एवढीच त्याची इच्छा असते, आणि नेमकं तेच आपल्याला नको आहे. त्याच्या सेटिंगमध्ये महामार्ग टाळायची सोय आहे, ती चालू करा. तरी तो अधूनमधून सात मिनिटं वाचवायला तुम्हाला वनखात्याच्या बैलवाटेवर घालतो. तिथे वळायला जागा नसते, आणि एकशेऐंशी किलोची गाडी खाचरातून मागे ढकलताना वाचलेली सात मिनिटं आठवत नाहीत.

त्यापेक्षा कडेचा दगड पाहा. मैलाच्या दगडाच्या डोक्याला रंग असतो आणि तो शोभेसाठी नसतो. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. तिथून पळा. हिरवा म्हणजे राज्य मार्ग. सोसवेल, विशेषतः पहाटे. केशरी दिसला की गिअर उतरवा आणि सावकाश व्हा, कारण ही प्रधानमंत्री ग्रामसडक योजना. डिसेंबर २०००मध्ये सुरू झालेल्या या योजनेनं, जिथे पूर्वी फक्त जीप जायची अशा वाड्यांपर्यंत डांबर नेलं. त्या वाड्यांना त्याचा काय उपयोग झाला हे त्यांना विचारा; मोटारसायकलवाल्यांवर मात्र या योजनेचे उपकार आहेत.

केशरी रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो. तो उभं राहून वाचावा, वाचनीय असतो. रस्त्याची लांबी, खर्च, ठेकेदाराचं नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख, आणि खाली देखभाल-दुरुस्तीचा पाच वर्षांचा कालावधी. शेवटची ओळ महत्त्वाची. पाच वर्षं संपायला अवधी असेल तर बिनधास्त आत शिरा. संपून एखादं वर्ष झालं असेल तर सांभाळून. फलकच गंजून पडला असेल तर फलकाइतकाच रस्ताही उरला आहे असं समजा.

तिसरी पायरी: एसटीचं वेळापत्रक

आता खरी युक्ती. स्वारगेटला किंवा तालुक्याच्या कुठल्याही स्थानकात जा आणि भिंतीवरचा वेळापत्रकाचा फलक बघा. ज्या गावाला तासाला गाडी आहे ते गाव आपल्या कामाचं नाही. तिथे बाजार आहे, कॉलेज आहे, शिकवणीच्या जाहिराती आहेत, पंधरा-वीस गतिरोधक आहेत. ज्या गावाला दिवसातून दोनच गाड्या जातात तिथला रस्ता धरायचा. आणि एखाद्या नावापुढे ‘मुक्कामी’ लिहिलेलं असेल तर ते नाव वहीत उतरवून घ्या. संध्याकाळी निघायचं, शेवटच्या गावात रात्र काढायची आणि पहाटे दूध, शाळेची पोरं आणि तालुक्याला कामं असलेली माणसं घेऊन परतायचं, असा त्या गाडीचा क्रम असतो. मुक्कामी एसटी जिथे झोपते तिथे रस्ता संपतो. पुढे डोंगर असतो किंवा पाणी असतं.

एसटीची ही कसोटी भाबडी नाही. एसटी जाते याचा अर्थ मोऱ्या मजबूत आहेत, वळणं माणसात आहेत आणि डांबर बऱ्यापैकी आहे. शिवाय तेवढी लांब गाडी वळवायला जागा लागते. म्हणजे रस्त्याच्या शेवटी मोकळं आवार असतं, आवारात देवळासमोरचा पार असतो, आणि पारासमोर बिस्किटाचे पुडे टांगलेलं एक दुकान असतं. आणखी काय पाहिजे?

वाटेत कुणाला विचारायचं झालं तर प्रश्न नीट निवडा. ‘रस्ता चांगला आहे का?’ असं विचारू नये. गावातला माणूस पाहुण्याला नाराज करत नाही, हो म्हणतो. ‘किती लांब आहे?’ हेही नको. ‘हे काय, हितंच’ याचा अर्थ चारशे मीटरही होतो आणि नऊ किलोमीटरही. संभाषण असं व्हावं:

‘राम राम बाबा. पुढं एसटी जाती का?’

‘जाती की. सकाळची गेली. आता सांजच्याला.’

‘आमची गाडी जाईल?’

बाबा गाडीकडे बघतात. मग तुमच्याकडे बघतात. ‘गाडी जाईल,’ म्हणतात.

यातला जोर कुठल्या शब्दावर होता हे घरी गेल्यावर समजतं.

चौथी पायरी: पाणी शोधणे

पुण्याच्या पश्चिमेला गाडी चालवण्याची जी मजा आहे ती मुख्यतः धरणांमुळे आहे, आणि त्याला कारण आहे. खोऱ्यातून जाणारी जुनी वाट सरळ होती; नदीच्या काठाकाठानं, गावागावांतून. धरण झालं तेव्हा ती गावांसकट पाण्याखाली गेली. नवा रस्ता पाण्याच्या रेषेच्या वर, डोंगराच्या अंगाअंगानं काढावा लागला. डोंगर काही सरळ नसतो. ओढा आला की रस्ता आत शिरतो, सोंड आली की बाहेर येतो. पानशेतच्या पुढे, मुळशीच्या काठानं, भाटघरच्या बाजूनं, नीरा-देवघरच्या वर असंच चाललेलं असतं: ओढ्याशी आत, सोंडेवर बाहेर.

नवशिक्यानं हे पाठ करावं, कारण दोन वळणं दोन जातीची आहेत. आतलं वळण ओढ्याचं. तिथे मोरी असते, झाडी असते, सावली असते, आणि पाऊस संपून महिने झाले तरी कडेला ओल असते. शेवाळाचा एक काळपट पट्टा डांबरावर आडवा आलेला असतो. तो सावलीचा आहे असं वाटतं, नसतो. तिथे गाडी सरळ ठेवावी आणि पुढचा ब्रेक मनातही आणू नये. बाहेरचं वळण सोंडेचं. तिथे ऊन, वारा आणि सगळं खोरं एकदम समोर येतं, आणि नेमकं त्याच क्षणी समोरून ऊस किंवा विटा भरलेला ट्रॅक्टरही येतो. हॉर्न द्यावा. देखावा नंतर बघावा, गाडी लावून.

हे पाणी बघताना एवढं लक्षात असावं की ते कुणाच्या तरी शेतावर उभं आहे. मुंबईला वीज द्यायला टाटांनी मुळशीत धरण बांधायला घेतलं तेव्हा मावळ्यांनी सेनापती बापटांच्या पुढाकारानं १९२१मध्ये सत्याग्रह केला होता. धरण झालंच. भाटघरचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की कांबरेश्वराचं जुनं देऊळ वर येतं, आणि माणसं चिखल तुडवत दर्शनाला जातात. आणि पानशेत फुटल्याची तारीख, १२ जुलै १९६१, पुण्यातल्या जुन्या माणसांना विचारावी लागत नाही, ती स्वतःहून सांगतात; पाणी कुठल्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं तेही सांगतात.

झाडांचीही एक खूण सांगून ठेवतो. दोन्ही बाजूंचे वड वर एकमेकांना भिडले असतील तर तो रस्ता जुना आहे, अरुंद आहे आणि अजून कुणाच्या नजरेला आलेला नाही. त्यांच्या बुंध्यांवर पांढरे आकडे रंगवलेले दिसले तर तुम्ही उशिरा आलात. रुंदीकरण मंजूर झालं आहे.

सराव-पाठ: एक पूर्ण फेरा

खडकवासल्यावरून पानशेतच्या रस्त्यानं खानापूरपर्यंत जा. तिथून डावीकडे रांजण्याचा रस्ता धरा. भाताची खाचरं, मग चढ, मग पाबे घाट. घाट मोठा नाही, पण अरुंद आहे, आणि वळणं अशी की तिसरा गिअर पडेपर्यंत पुन्हा दुसरा लागतो. खिंडीत थांबा. मागे सिंहगडाची बाजू, पुढे तोरणा आणि राजगड. तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. ढग नसतील तर ओळखायला विचारावं लागत नाही. ढग असतील तर शेजारी थांबलेला एखादा ट्रेकर भलत्याच डोंगराकडे बोट दाखवून तोरणा म्हणून सांगेल. मान डोलवा.

खाली पाबे, मग वेल्हे. इथे चहा. परत मार्गासनीवरून नसरापूर, चेलाडी फाट्याला महामार्ग. इथून पुढे पिवळे दगड आहेत, सोसायचे. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर दुचाकीला टोल नाही, डावीकडच्या चिंचोळ्या वाटेनं निघून जायचं, आणि रांगेत थांबलेल्या कारवाल्यांकडे बघून हसायचं नाही. शिंदेवाडीनंतर नवा बोगदा सोडून जुन्या कात्रज घाटानं या. सगळा फेरा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सहाला निघालात तर बाराला जेवायला घरी. घरच्यांशी संबंध चांगले राहण्याच्या दृष्टीनं हे शेवटचं वाक्य अधोरेखित करून ठेवावं.

घाटाचे नियम

चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. कायदाही तेच सांगतो. खड्ड्याकडे बघायचं नाही. नजर जिकडे, गाडी तिकडे. खड्डा चुकवायचा म्हणून त्याच्यावर डोळे रोखणारा माणूस बरोबर त्याच्या मध्यभागी पडतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनाला गाडी धरू द्यायची.

यावर पुण्यात एक हरकत हमखास येते: उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं. ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे आलेली आहे आणि ल्यूनाच्या काळात तिला काही अर्थ असेलही. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत उलटं आहे. गिअरमध्ये असताना थ्रॉटल सोडला की इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं आणि इंजेक्टर पेट्रोल तोडतो. न्यूट्रल केलं तर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल पाजत राहावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जीव धोक्यात जातो तो जातोच, वर पेट्रोलही जातं. जिवासाठी कुणी ऐकत नसेल तर पेट्रोलसाठी ऐकेल, या आशेनं हे सविस्तर लिहिलं.

पावसाळा

पुणेकरांना वाटतं की पावसाळा हा ताम्हिणीचा मोसम. अर्ध्या महाराष्ट्रालाही तसंच वाटतं. जुलैतल्या रविवारी ताम्हिणीत धबधब्यांपेक्षा उघड्या डिक्क्या जास्त असतात आणि प्रत्येक डिकीतून वेगळं गाणं वाजत असतं. जिल्हा प्रशासन धोक्याच्या ठिकाणी बंदी आदेश काढतं, वरंधा घाट दरडींमुळे जड वाहनांना बंद होतो. निघण्याआधी बातमी बघा. मंगळवारी रजा काढता आली तर ताम्हिणीसारखा घाट नाही. रजा कशासाठी, हे अर्जात लिहू नका.

लावणीच्या दिवसांत पॉवर टिलर खाचरातून रस्त्यावर येतात आणि चिखलाचे दोन पट्टे डांबरावर सोडून जातात. त्यावर आपला हक्क नाही, त्यांचा आहे. हळू जावं. आणि दिवाळीच्या सुमारास कुणी रस्त्याच्या अर्ध्या भागात भात वाळत घातलं असेल तर उरलेल्या अर्ध्यातून जावं. भातावरून गाडी नेणाऱ्याला पुढच्या गावात चहा मिळत नाही. बातमी गाडीच्या आधी पोहोचते.

खाणे

जिथे एसटीचे चालक-वाहक थांबतात तिथे.

शेवटची पायरी: गुप्तता

चांगल्या रस्त्याला आयुष्य असतं आणि ते फार नसतं. पहिला माणूस फोटो टाकतो, दुसरा रील टाकतो, तिसरा ड्रोन घेऊन येतो, आणि चौथ्या रविवारी तिथे मॅगीचा स्टॉल असतो. मग वाहनतळ, मग पावती, मग पेव्हर ब्लॉक. म्हणून फोटो काढा, ठिकाण टाकू नका. फोटोत मैलाचा दगड येऊ देऊ नका; खूप चौकस लोक आहेत. वरच्या सराव-पाठात पाबे घाटाचं नाव दिलं, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीची तीन-चार नावं या लेखातून छापण्याआधी काढून टाकली आहेत.

सोमवारी ऑफिसात कुणीतरी विचारेलच, काल कुठे होतास. सिंहगडला, असं सांगा. या उत्तरावर पुण्यात पुढचा प्रश्न एकच येतो: गर्दी होती का? होती म्हणा.